बंदुका कंटेनरमध्ये गेल्या, पण माणसं? नेपाळच्या शांतता प्रक्रियेतली परदेशी मदत, सोप्या भाषेत

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. ती बातमी वाचताना नागपुरातल्या अनेकांना शेजारचा नेपाळ आठवला असेल. तिथेही माओवादी होते, दहा वर्षं युद्ध झालं, मग संयुक्त राष्ट्रांची माणसं आली आणि काही वर्षांत बंडखोरांचा नेता पंतप्रधान झाला. मधल्या काळात नेमकं काय घडलं, हे मात्र बातम्यांतून फारसं कळत नाही. ‘आंतरराष्ट्रीय समुदायाचा शांततेला पाठिंबा’ हे वाक्य कानावर पडतं. त्या पाठिंब्यात कोण येतं, काय करतं, पैसे कुणाचे असतात आणि शेवटी काय उरतं, ते नेपाळच्या उदाहरणावरून चांगलं समजतं.

युद्ध थांबलं तेव्हा दोघंही जिंकले नव्हते

नेपाळमधला सशस्त्र संघर्ष १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू झाला. सुरुवातीला पोलीस लढत होते, नोव्हेंबर २००१ नंतर सैन्य उतरलं. २००५ पर्यंत डोंगराळ खेडी बहुतांशी माओवाद्यांच्या हाती आणि जिल्ह्यांची मुख्य ठाणी सैन्याच्या हाती, अशी कोंडी झाली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला राजा ग्यानेंद्र यांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. त्यामुळे राजकीय पक्ष आणि माओवादी, जे एकमेकांचे वैरी होते, ते जवळ आले. २२ नोव्हेंबर २००५ चा त्यांचा बारा कलमी समझोता दिल्लीत झाला. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवसांचं जनआंदोलन झालं, राजाला माघार घ्यावी लागली आणि शस्त्रसंधी झाली. शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबवण्याचं वचन. वाद मिटला, असा तिचा अर्थ नव्हे.

२१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. तोवर तेरा हजारांहून जास्त माणसं मेली होती. सरकारच्या नंतरच्या मोजणीत हा आकडा सतरा हजारांच्या आसपास गेला. तेराशेहून जास्त माणसं बेपत्ता होती.

हा करार शरणागतीचा नव्हता. एका देशात दोन फौजा होत्या, दोन्हींकडे बंदुका होत्या आणि संविधान सभेची निवडणूक घ्यायची होती. आधी तू शस्त्र ठेव, मग मी ठेवतो, असं दोघांनीही म्हटलं असतं तर गाडी तिथेच अडली असती.

तिसरा माणूस कशाला लागतो?

काटोल-उमरेडकडे दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून वाद पेटला की शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक बोलावतात. तो जमीन कुणाला देत नाही, कुणावर हुकूम चालवत नाही. फक्त मोजतो आणि खुणा रोवतो. त्या खुणा दोघंही मानतात, कारण मोजणीची साखळी दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हती. पुढे एखादा खूण उपटून टाकेलही, पण मग कुणी उपटली ते गावाला कळतं.

नेपाळमध्ये संयुक्त राष्ट्रांना असंच मोजणीचं काम हवं होतं. कामठीच्या छावणीमुळे आपल्याकडे निळ्या टोपीतला, बंदूक घेतलेला शांतिसैनिक डोळ्यांसमोर येतो. नेपाळमध्ये तसा एकही सैनिक गेला नाही. तिथे गेलं ते राजकीय स्वरूपाचं पथक, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अनमिन’ म्हणून ओळखलं गेलेलं. सुरक्षा परिषदेने २३ जानेवारी २००७ ला ठराव क्रमांक १७४० करून ते नेमलं. शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्यांची कमाल मंजूर संख्या १८६ होती. ते लष्करी पार्श्वभूमीचे होते, पण साध्या कपड्यांत आणि निःशस्त्र. कुणाकडून हत्यार हिसकावून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. शस्त्रं आणि सैनिकांवर लक्ष ठेवायचं, दोन्ही फौजांच्या संयुक्त समितीचं काम चालवायचं, शस्त्रसंधी पाळली जाते का ते पाहायला मदत करायची आणि निवडणूक आयोगाला तांत्रिक साहाय्य द्यायचं, एवढीच जबाबदारी होती.

“परक्यांनी दुसऱ्याच्या घरात का शिरावं?”

शंका रास्त आहे. म्हणून बोलावणं कुणाचं होतं ते आधी पाहिलं पाहिजे. ९ ऑगस्ट २००६ ला सरकार आणि माओवादी या दोघांनीही संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना एकाच मजकुराची पत्रं पाठवली. ही मदत हवी आणि एवढीच हवी, असं त्यात होतं. भारतालाही शेजारी मोठं पथक नको होतं, त्यामुळे कामाच्या मर्यादा आणखी घट्ट झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सुरुवातीला धुरा सांभाळली इयान मार्टिन यांनी. ते २००५ पासून काठमांडूतल्या मानवाधिकार कार्यालयाचे प्रमुख होते. युद्ध चालू असतानाच त्या कार्यालयाची माणसं दोन्ही बाजूंच्या अत्याचारांची नोंद करत होती. पुढे जो विश्वास कामी आला, तो तिथे कमावलेला होता.

कुलूप त्यांचं, सायरन यांचा

प्रत्यक्ष यंत्रणा अशी होती. माओवादी सैनिकांसाठी सात मुख्य छावण्या ठरल्या: इलाम, सिंधुली, चितवन, नवलपरासी, रोल्पा, सुर्खेत आणि कैलाली. प्रत्येकीभोवती तीन उपछावण्या, म्हणजे एकूण २१. मुख्य छावणीत लोखंडी कंटेनर ठेवले. पहाऱ्यापुरती मोजकी हत्यारं बाहेर ठेवून बाकी सगळी नोंदवून आत गेली. कंटेनरला एकच कुलूप आणि त्याची किल्ली माओवादी कमांडरकडेच. शस्त्रं ‘जमा’ करायची नव्हती, ‘साठवायची’ होती. त्यामुळे किल्ली काढून घेणं म्हणजे हरवणं, असं त्यांना वाटू नये याची काळजी घेतली होती.

मग देखरेख कशी? कंटेनरवर सायरनचं यंत्र, रात्री झगझगीत दिवे आणि चोवीस तास हजर असलेले निरीक्षक. दार उघडलं की सायरन वाजे, आणि निरीक्षक आतली हत्यारं यादीशी ताडून पाहू शकत. कमांडरने ठरवलं असतं तर तो शस्त्रं बाहेर काढू शकला असता, निरीक्षकांनी त्याला अडवलं नसतं. पण तासाभरात ती बातमी काठमांडूला आणि तिथून न्यूयॉर्कला पोहोचली असती. सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी होती आणि ती टिकली.

माओवाद्यांची ३,४७५ शस्त्रं नोंदली गेली. तेवढीच शस्त्रं नेपाळी सैन्यानेही काठमांडूतल्या छाउनी बॅरेकमध्ये त्याच पद्धतीने बंद केली. जवळपास लाखाच्या घरातल्या सैन्याला एवढ्या बंदुका बाजूला ठेवून काही फरक पडत नव्हता. पण बरोबरीचा मान दिसणं गरजेचं होतं, आणि करार लिहिणाऱ्यांनी तो न लाजता दिला. मला तरी करारातलं हे सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं.

देखरेखीसाठी नऊ जणांची संयुक्त समिती होती. अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांचा, उपाध्यक्ष एक सैन्याचा, एक माओवाद्यांचा. खालच्या पातळीवर फिरती पथकं होती, त्यात तिन्हीकडचा एकेक माणूस. काही महिन्यांपूर्वी ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, ते दोघे एका गाडीत बसून तक्रारीच्या जागी जात. छोट्या कुरबुरी तिथल्या तिथे मिटत आणि वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतच नसत.

एक अडचण सुरुवातीलाच आली. कागदावर सह्या झाल्या, पण निरीक्षक यायला वेळ लागणार होता आणि सैनिक तर छावण्यांत येऊन बसले होते. तेव्हा भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या शंभराहून अधिक गुरखा जवानांना तात्पुरतं पहाऱ्यावर नेमलं. ते नेपाळीच होते, शिस्तीचे होते आणि दोन्ही बाजूंना चालणारे होते. इतकी साधी सोय वेळेवर सुचली नसती, तर त्या रिकाम्या आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं.

माणसं मोजणं बंदुका मोजण्यापेक्षा अवघड

छावण्यांत ३२,२५० जणांनी नाव नोंदवलं. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाची वेगळी मुलाखत झाली. त्यालाच पडताळणी म्हणतात. दोन प्रश्न महत्त्वाचे होते: २५ मे २००६ च्या आधीपासून फौजेत होतास का, आणि त्या दिवशी वय अठरा पूर्ण होतं का? ज्याच्याकडे जन्मदाखलाच नाही, त्याचं वय विचारपूस करूनच ठरवावं लागे. इलाममध्ये पहिला निकाल आल्यावर माओवादी नेतृत्व बिथरलं आणि काम काही काळ थांबलं.

शेवटी ८,६४० जण मुलाखतीलाच आले नाहीत. ४,००८ जण बाद ठरले. त्यातले २,९७३ जण २५ मे २००६ ला अल्पवयीन होते, तर १,०३५ त्या तारखेनंतर भरती झालेले. उरले १९,६०२, त्यात ३,८४६ स्त्रिया.

बाद ठरलेल्या मुलांचं काय झालं, हा या प्रक्रियेचा सर्वांत दुखरा भाग आहे. २००७ च्या अखेरीस ठरलं की ती छावणीत नकोत. त्यांची सुटका मात्र जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये झाली. दोन वर्षं त्यांनी तिथेच काढली. अनेक जण तोवर आपणहून निघून गेले होते. सरकारी कागदावर त्यांच्यापुढे ‘अयोग्य’ असा शेरा होता आणि गावात तोच चिकटला. त्यांना रोख रक्कम मिळाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत शाळा, हातचं काम, छोटा धंदा किंवा आरोग्यसेवेचं प्रशिक्षण, यांतलं एक निवडायचं होतं. पंधराव्या वर्षी बंदूक उचललेल्या मुलीला अयोग्य ठरवून घरी धाडणं आणि प्रौढ सैनिकाला पुढे लाखांचा धनादेश देणं, याला न्याय म्हणता येणार नाही. मुलांना फौजेत ठेवायचं नाही, हा नियम बरोबरच होता. पण तो राबवताना मुलांनाच शिक्षा झाली.

“आकडे फुगवले होते, मग ही फसवणूक नाही का?”

२००९ च्या मे महिन्यात एक जुनी चित्रफीत बाहेर आली. चितवनच्या शक्तिखोर छावणीतल्या भाषणात प्रचंड सांगताना दिसतात की आपली खरी संख्या सात-आठ हजारच होती. मोठा गदारोळ झाला आणि संयुक्त राष्ट्रांवरही बोट रोखलं गेलं.

यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पडताळणीचे निकष तारीख आणि वय एवढेच होते, ‘प्रत्यक्ष लढला होतास का’ हा नव्हता. त्यामुळे त्या तारखेच्या आधी घाईघाईने भरती केलेले लोक नियमानुसार आत आले. पण निकष आणखी कडक केले असते, तर माओवादी प्रक्रियेतून उठून जाण्याची भीती होती. थोडी फुगवटी सोसून सगळ्यांना छावणीत ठेवणं आणि कुणी जंगलात परतू न देणं, हा सौदा होता. त्याची किंमत नेपाळच्या तिजोरीने मोजली. माझ्या मते ती युद्धापेक्षा स्वस्त पडली.

पैसा कुणाचा?

सर्वसाधारण समज असा की असल्या प्रक्रियेचा सगळा खर्च परदेशी उचलतात. नेपाळमध्ये २००७ साली शांतता कोष स्थापन झाला. त्यात ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, युरोपीय संघ यांनी भर घातली, पण मोठा वाटा नेपाळ सरकारचाच होता. संयुक्त राष्ट्रांचा वेगळा निधी होता. छावण्यांतले रस्ते, पाणी, निवारे, निवडणुकीची तयारी, तुटलेली पोलीस ठाणी अशा कामांना हा पैसा गेला. सुरुंग काढायलाही बाहेरचं तंत्रज्ञान लागलं. सैन्याने पेरलेली ५३ सुरुंगक्षेत्रं साफ झाली आणि १४ जून २०११ ला नेपाळ सुरुंगमुक्त जाहीर झाला. या कामाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण डोंगरात गुरं चारणाऱ्या पोरांना त्याचा रोज उपयोग होतो.

पैसे कुठे चुकले तेही पाहू. अनमिन १५ जानेवारी २०११ ला परतलं. त्यानंतर छावण्या पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष समितीकडे आल्या. १ नोव्हेंबर २०११ च्या सात कलमी करारात तीन पर्याय ठरले. कमाल ६,५०० जणांना सैन्यात घ्यायचं. किंवा पुनर्वसन, म्हणजे प्रशिक्षण आणि धंद्याला मदत. किंवा हुद्द्यानुसार पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण तीन ते पाच लाख, आणि तेही दोन हप्त्यांत.

सरतेशेवटी १,४२२ जण सैन्यात गेले, पंधरा हजारांहून जास्त जणांनी रोख घेतली, आणि पुनर्वसन निवडलं अवघ्या सहा जणांनी. देणगीदारांना पुनर्वसन हवं होतं. पाच वर्षं छावणीत अडकलेल्या माणसाला मात्र कुणाच्या प्रशिक्षण वर्गात आणखी वर्षभर बसायचं नव्हतं. त्याला जमिनीचा तुकडा घ्यायचा होता, कर्ज फेडायचं होतं किंवा आखातात जायचं होतं. स्त्रियांची अडचण वेगळीच होती. अनेकींची लग्नं आणि बाळंतपणं छावणीतच झाली होती. कडेवर मूल घेऊन सैन्याच्या शिक्षणाच्या आणि शारीरिक क्षमतेच्या अटी पूर्ण करणं बहुतेकींना शक्य नव्हतं.

अंतिम बेरीज सतरा हजारांच्या थोडी वर जाते, आणि नोंद होती १९,६०२ ची. मधले अडीच हजार कुठे गेले आणि त्यांच्या नावाचा भत्ता तोवर कोण उचलत होतं, हा प्रश्न नेपाळमध्ये पुन्हा पुन्हा विचारला गेला. हजेरी रोजची नसेल आणि पैसे व्यक्तीच्या हातात न जाता कमांडरमार्फत जात असतील, तर हे कुठेही होईल.

“परदेशी आले की शांतता येतेच का?”

नाही. श्रीलंका बघा. २२ फेब्रुवारी २००२ ला नॉर्वेच्या मध्यस्थीने सरकार आणि तमिळ बंडखोरांची संघटना एलटीटीई यांच्यात शस्त्रसंधी झाली. देखरेखीला पाच नॉर्डिक देशांची माणसं आली. जून २००३ मध्ये टोकियोत देणगीदारांनी साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं दिली. पण दोन्ही बाजूंना अजून जिंकण्याची आशा होती. २००६ मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी संघटना ठरवलं. त्यावर संघातल्या देशांचे निरीक्षक आम्हाला चालणार नाहीत, असं एलटीटीईने बजावलं. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कची माणसं परत गेली, नॉर्वे आणि आइसलंड तेवढे उरले. जानेवारी २००८ मध्ये शस्त्रसंधी अधिकृतपणे संपली आणि मे २००९ मध्ये युद्धाचा रक्तरंजित शेवट झाला.

नेपाळमध्ये दोघं थकले होते आणि दोघांनाही निवडणुकीत काही मिळण्याची खात्री होती. १० एप्रिल २००८ च्या निवडणुकीत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरला. थकवा आणि आशा बाहेरून आणता येत नाहीत.

“पण नेपाळ तरी कुठे शांत आहे?” असंही विचारलं जातं. सरकारं तिथे सतत पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात कित्येक जीव गेले आणि सरकार कोसळलं. तरीही १९९६ चं युद्ध पुन्हा पेटलेलं नाही. १० एप्रिल २०१२ ला छावण्या नेपाळी सैन्याच्या ताब्यात गेल्या, त्या दिवसापासून देशात फौज एकच आहे.

गडचिरोलीला हे लागू पडतं का?

थोडंसंच. गडचिरोलीत सरकारच्या योजनेखाली आत्मसमर्पण होतं. समोर बरोबरीचा पक्ष नसतो, तिसरा साक्षीदारही नसतो. त्यामुळे कंटेनर-सायरनची गोष्ट तिथे गैरलागू. पण पुढच्या टप्प्यातले प्रश्न तेच आहेत: रक्कम खात्यात थेट जाते की कुणाच्या हातून, प्रशिक्षण माणसाला हवं ते आहे की कार्यालयाला सोयीचं, लहानपणी दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेलेल्यांना वेगळी वागणूक मिळते का, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्या गावकऱ्यांशी कोण बोलतं.

राहून गेलेलं काम

करारात लिहिलं होतं की बेपत्ता माणसांचा ठावठिकाणा ६० दिवसांत जाहीर करू. सत्य निरूपण आणि मेलमिलाप आयोग आणि बेपत्ता व्यक्तींचा चौकशी आयोग प्रत्यक्षात नेमले गेले १० फेब्रुवारी २०१५ ला, आठ वर्षांनी. पहिल्या आयोगाकडे त्रेसष्ट हजारांवर तक्रारी आल्या, दुसऱ्याकडे सुमारे तीन हजार. युद्धानंतर अत्याचारांचा हिशेब लावण्याच्या या कामाला संक्रमणकालीन न्याय म्हणतात: सत्य शोधणं, भरपाई देणं, दोषींवर खटले चालवणं आणि पुन्हा तसं होऊ नये अशी व्यवस्था करणं.

इथे परदेशी पाठिंब्याचं दुसरं रूप दिसतं, ते म्हणजे नकार. मूळ कायद्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफीची वाट होती. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ती अमान्य केली. कायदा सुधारल्याशिवाय आयोगांना मदत करणार नाही, अशी भूमिका संयुक्त राष्ट्रांनी घेतली. ती तत्त्वाला धरून होती. पण त्यात वर्षं गेली, आणि दरम्यान साक्षीदार म्हातारे होऊन गेले. कायद्यात दुरुस्ती झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये.

या दिरंगाईचा अर्थ बर्दिया जिल्ह्यात कळतो. बेपत्ता झालेल्यांपैकी दोनशेहून जास्त एकट्या या जिल्ह्यातले, आणि त्यांत बहुसंख्य थारू समाजाचे. नवरा मेला असं म्हणायला पुरावा नाही, जिवंत आहे म्हणायला खबर नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून जमीन नावावर होत नाही. सिंदूर लावला तर सासर बोलतं, पुसला तर स्वतःचंच मन खातं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने बेपत्तांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि ‘हातेमालो’ या उपक्रमातून अशा बायकांचे गट बांधले. त्या एकत्र बसतात, कागदपत्रांसाठी कचेरीत एकत्र जातात. मनाचं ओझं हलकं करायला त्याचा उपयोग झाला. पण माणूस कुठे पुरलाय, हे सांगायचं काम रेड क्रॉसचं नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांचं आहे, आणि ते दोन्ही फौजांमध्ये होते.

मला या सगळ्या पाठिंब्यात खोट दिसते ती क्रमाची. अनमिन २०११ च्या जानेवारीत गेलं, मानवाधिकार कार्यालय त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झालं, देणगीदार हळूहळू दुसऱ्या देशांकडे वळले. शस्त्रांचं काम संपत आलं तेव्हा बाहेरच्यांना वाटलं आपलं काम झालं. वास्तविक सगळ्यात जास्त साक्षीदार, संरक्षण आणि तज्ज्ञ लागणार होते ते त्यानंतर.

मे २०२५ मध्ये दोन्ही आयोगांवर नवे सदस्य नेमले गेले आणि निवड पारदर्शक नव्हती म्हणून पीडितांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. बाहेरच्यांनी आता द्यायची मदत अगदी ठोस आहे: पुरलेल्या जागा शास्त्रीय पद्धतीने उकरणारी पथकं, हाडांवरून ओळख पटवणाऱ्या डीएनए तपासण्या, साक्ष देणाऱ्यांचं संरक्षण आणि भरपाईच्या निधीत वाटा. यातल्या बऱ्याच गोष्टींना मुदत आहे, कारण रक्ताचा नमुना देऊ शकणारे आई-बाप आता सत्तरी-ऐंशीत आहेत.